भरल्या घागरीची चाल

(सामुदायिक रेडिओवरच्या महिलांच्या कार्यक्रमात झालेलं हे भाषण. बोलणाऱ्या ताई गावोगावच्या महिला गटांबरोबर नाटकं बसवतात.)

रेडिओ ऐकता ऐकता कुणी भाकरी थापत असाल, कुणी शेंगा फोडत असाल, कुणी शेळीपुढं चारा टाकत असाल. हातातलं काम थांबवू नका. आजचा विषय तुमच्या हातातल्या कामाचाच आहे.

मी नाटक बसवते. स्वतःला दिग्दर्शिका म्हणायला अजून जीभ अडखळते, कारण या कामाला जेमतेम सहा वर्षं झालीत. तालुक्याच्या कॉलेजात एकांकिकांमधून काम केलं, मग शहरात राहून दोन वर्षं नाटक आणि अंगाच्या हालचाली शिकले, आणि गावाकडं परत आले. तिथं आम्ही रोज सकाळी तासभर नुसतं चालायला शिकायचो. हे सांगितल्यावर आई म्हणाली, "चालायला शिकायला शहरात जावं लागतं व्हय? माझ्यामागं सरपणाला आली असतीस तर फुकटात शिकली असतीस."

आईचं म्हणणं मी तेव्हा हसण्यावारी नेलं. ते खरं होतं हे कळायला मला एक फजिती व्हावी लागली. ती आधी सांगते.

परत आल्यावर पहिल्याच वर्षी आठ मार्चला तालुक्याच्या ठिकाणी महिला मेळावा होता. आमच्या गटानं पाण्यावर एक कार्यक्रम करायचं ठरवलं. आठ बायका निवडल्या. प्लास्टिकच्या घागरी आणल्या, त्यांना सोनेरी कागद चिकटवला. गाणं लावलं. डोक्यावर घागर, कमरेला लचक, मानेला झोका, ओठांवर हसू. महिनाभर तालीम केली. तालमीला गटातल्या एक मावशीही यायच्या. साठीच्या पुढच्या. पाठीत चांगल्याच वाकलेल्या. त्या म्हणाल्या, "मला पण घे की गं." मी म्हटलं, "मावशी, तुम्ही पुढं बसा, बघा, टाळ्या वाजवा." त्या काही बोलल्या नाहीत. पुढं बसल्या.

मेळाव्यात कार्यक्रम झाला. टाळ्या पडल्या. फोटो निघाले. परत येताना टेम्पोत मावशी माझ्या शेजारी होत्या. म्हणाल्या, "पोरी, एक विचारू? तुमच्या घागरीत पाणी होतं का?"

मी म्हटलं, "नाही मावशी, नाटकातली घागर ती."

"तेच म्हणते मी. भरली घागर डोक्यावर असली की मान अशी डुलत नसती. डुलली तर पाणी अंगावर. पाणी सांडलं की परत रांगंत."

त्या साली आमच्याकडं फेब्रुवारीतच टँकर सुरू झाला होता. एका दिवसाआड यायचा. मेळाव्याच्या सकाळीसुद्धा आमच्यातल्या तिघी रांगेत थांबून, पाणी भरून मगच टेम्पोत चढल्या होत्या. त्याच तिघींना मी मंचावर रिकामी घागर डुलवायला लावली होती. आणि पाण्याच्या रांगेत ज्या मावशींची सगळी हयात गेली, त्यांना खाली बसवलं होतं.

ती रात्र मला झोप लागली नाही. आणि तेव्हा मला एक नाव आठवलं, जे शिकताना आमच्या बाईंनी सांगितलं होतं. चंद्रलेखा. आज मला तुम्हाला या चंद्रलेखाबाईंची गोष्ट सांगायची आहे. आमच्या गटानं पुढं जी तीन कामं केली, ती त्यांच्यामुळं सुचली.

चंद्रलेखाबाईंचा जन्म १९२८ सालचा, आपल्याच महाराष्ट्रातल्या वाडा गावचा. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आताचा पालघर. वाडा कोलम तांदूळ जिथला, तेच वाडा. वडील डॉक्टर होते. देवाधर्माचं त्यांना फारसं नव्हतं, आई मात्र भाविक. मुलगी कायद्याचं शिक्षण घेत होती. ते अर्ध्यावर सोडून ती नाच शिकायला मद्रासला गेली, म्हणजे आजच्या चेन्नईला. एल्लप्पा पिळ्ळै नावाच्या गुरूंकडं भरतनाट्यम शिकू लागली. पंच्याहत्तरहून जास्त वर्षांपूर्वी वकिलीचं शिक्षण सोडून मुलगी नाचायला निघाली, म्हणजे घरात काय बोलणी झाली असतील याचा अंदाज तुम्हीच करा.

भरतनाट्यममध्ये शिक्षण पुरेसं झालं की गुरू शिष्येला पहिल्यांदा लोकांसमोर उभं करतात. त्याला आरंगेत्रम म्हणतात. चंद्रलेखाबाईंचं आरंगेत्रम १९५२ साली झालं. कार्यक्रम होता दुष्काळनिधीसाठी. रायलसीमा हा आजच्या आंध्र प्रदेशातला कोरडा मुलूख, आपल्या माणदेशासारखा. तिथं दुष्काळ पडला होता. त्या लोकांच्या मदतीसाठी तिकिटाचे पैसे जाणार होते.

त्या दिवशी त्या एका पदावर नाचत होत्या. पदात मथुरानगरी, यमुना नदी, नदीत खेळणाऱ्या सख्या. हातांनी पाणी उडवायचं, लाटा दाखवायच्या, चिंब भिजायचं. गुरू गात होते. आणि नाचता नाचता त्यांना वर्तमानपत्रातले फोटो आठवले. भेगाळलेली जमीन. हातात डबे घेऊन पाण्यासाठी लांबच लांब रांगेत उभी असलेली माणसं. त्यांच्याच नावानं हा कार्यक्रम, आणि आपण मंचावर पाण्याची उधळण करतोय. त्या क्षणी त्या थिजल्या. आपण एकाच्या दोन बायका झालोय, एक नाचतेय आणि एक बघतेय, असं काहीसं त्यांना झालं. हा क्षण त्यांनी पुढं आयुष्यभर सांगितला.

मैत्रिणींनो, त्यांचं वय तेव्हा तेवीस-चोवीस. पहिलाच जाहीर नाच. चुकलं काहीच नव्हतं. पाय तालात होते, हात बरोबर होते. नाच सुंदरच होता. पण तो नाच आणि बाहेरचं जगणं यांची गाठ कुठंच पडत नव्हती, आणि हे त्यांच्या अंगालाच आधी कळलं. आमच्या वेळी मात्र कुणाच्या तरी लक्षात यायला टेम्पोतल्या मावशीच लागल्या.

बरं, याच्यावर त्यांनी नाच वाईट असं म्हटलं नाही. नाच सोडून समाजकार्य करा असंही नाही. त्यांनी विचारलं, या नाचाच्या मुळाशी काय आहे? दागिने काढले, देवांच्या गोष्टी काढल्या, लाजणं-मुरडणं काढलं, तर काय उरतं? उरतं शरीर. पाठीचा कणा, गुडघे, तळपाय, श्वास. भरतनाट्यममध्ये नाचणारी बाई गुडघे बाहेर वळवून अर्धी खाली बसलेली असते आणि पाठ ताठ. त्याला अरमंडी म्हणतात. आपण भात लावताना, निंदताना, जात्यावर बसताना अंग जमिनीकडं नेतो. या नाचाचाही ओढा जमिनीकडंच आहे. चंद्रलेखाबाई या बैठकीला फार मानायच्या. बाईचं बळ कुठून येतं ते तिथं दिसतं, असं त्यांना वाटायचं.

पुढची वाट सरळ नव्हती. १९६० च्या सुमाराला त्यांनी 'देवदासी' नावाचं काम केलं. हा नाच मुळात मंदिरातल्या ज्या बायकांनी जपला, ज्यांना नंतर समाजानं बाजूला टाकलं, त्यांचा तो विषय. १९७२ मध्ये 'नवग्रह' केलं. आणि मग बारा वर्षं मंचच सोडला. त्या काळात त्या बायकांच्या चळवळीत होत्या, पोस्टर तयार करत होत्या, लिहीत होत्या. चेन्नईत समुद्राजवळ त्यांचं घर होतं, झाडांनी भरलेलं. तिथं मित्रमंडळी, कामगार, विद्यार्थी येत-जात.

मग १९८४ मध्ये मुंबईत देशी-परदेशी नाचणाऱ्यांचं एक मोठं संमेलन झालं. तिथं चंद्रलेखाबाईंनी आपली जुनी कामं पुन्हा मांडली. वय पंचावन्न. केस पांढरे, कपाळावर मोठं कुंकू, डोळ्यांत काजळ. पंचावन्नाव्या वर्षी आपल्याकडं बायका काय म्हणतात? "आता आमचं काय राहिलंय?" चंद्रलेखाबाईंची मोठी कामं इथून पुढं सुरू झाली.

पुढच्या सालचं 'अंगिका'. यात त्यांनी भरतनाट्यमबरोबर योग आणि केरळातली कळरीपयट्टू ही युद्धकला एकत्र आणली. नाचणाऱ्या बायका आणि लढणारे पुरुष एकाच मंचावर. त्यात एक भाग होता 'नरवाहन'. देवीला जसा सिंह वाहन, तसा इथं पुरुष बाईचं वाहन झालेला. बाई त्याच्या पाठीवर स्वार. हे मी आमच्या गटात सांगितलं तेव्हा बायका इतक्या हसल्या की एकीला ठसका लागला. ती म्हणाली, "आमच्यात उलटंच वाहन आहे, ते कधी उतरतंय ते बघा." हसण्यात गेलं खरं, पण पुढं बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

१९८९ मध्ये आलं 'लीलावती'. हे तर आपल्या मातीशीच जोडलेलं. भास्कराचार्य नावाचे मोठे गणिती साडेआठशे वर्षांपूर्वी होऊन गेले. ११५० साली त्यांनी 'लीलावती' हा ग्रंथ लिहिला. चाळीसगावजवळ पाटण इथं त्यांच्या नातवानं त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख आहे. या ग्रंथात गणितं कोड्यासारखी घातलीत. भुंग्यांचा थवा आहे, त्यातले इतके या फुलावर गेले, तितके त्या फुलावर, एक उरला, तर सगळे किती? कुठं हंस आहेत, कुठं कमळं. आणि ही कोडी एका मुलीला प्रेमानं विचारलीत. चंद्रलेखाबाईंनी ही गणितं नाचातून मांडली. पोरीबाळींना गणित येत नाही म्हणणाऱ्यांना याच्याहून चांगलं उत्तर काय द्यायचं?

१९९१ चं 'श्री'. यावर मी नंतर येते, कारण ते माझ्या सगळ्यात जवळचं आहे.

आणि शेवटचं मोठं काम 'शरीर', २००१ सालचं. मंचावर फक्त एक बाई आणि एक पुरुष, सोबतीला धृपद. इतकं सावकाश की बघणाऱ्याचा श्वाससुद्धा सावकाश होतो. पुढं अनेक वर्षं हे काम करणाऱ्या तिशानी दोशी या मुळात कवयित्री. लहानपणापासून नाच शिकलेल्या नाहीत, मोठेपणी चंद्रलेखाबाईंकडं आल्या आणि शिकल्या. हे मुद्दाम सांगते. आपल्यात कुणी म्हणतं ना, "आता या वयात काय शिकायचं?" त्यांच्यासाठी.

३० डिसेंबर २००६ ला चंद्रलेखाबाई गेल्या. चेन्नईतलं त्यांचं घर आजही नाच-नाटकाची जागा आहे.

आता आमच्या गटाकडं येते. त्या फजितीनंतर आम्ही तीन कामं केली.

पहिलं काम पाण्याचंच. सोनेरी कागदाच्या घागरी फेकून दिल्या. म्हटलं, घरची घागर आणा, स्टीलची, तांब्याची, जी रोज वापरता ती. आणि भरून आणा. पंधरा लिटरची घागर म्हणजे पाण्याचंच वजन पंधरा किलो, घागरीचं वेगळं. डोक्यावर चुंबळ, त्यावर घागर, कमरेवर कळशी. गाणं नाही. नुसतं चालायचं, मंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं. भरली घागर घेऊन चालणारी बाई वरून हलतच नाही. मान खांबासारखी. नजर समोर पाच-सहा पावलांवर. सगळी हालचाल कमरेच्या खाली. गुडघे थोडे सैल, तळपाय आधी जमीन चाचपतो, मग वजन टाकतो. आणि ही चाल प्रत्येकीची निराळी. डोंगरावरच्या वाडीतून आलेलीची वेगळी, मळ्यातलीची वेगळी. शहरात तासभर चालायला शिकत होते, त्यात शिक्षकांना हेच हवं होतं. आई म्हणाली होती ते हेच.

कार्यक्रम गावच्या शाळेच्या पटांगणात झाला. आठ जणी चालत आल्या, रांगेत उभ्या राहिल्या, आणि तशाच उभ्या राहिल्या. पाच मिनिटं. भरली घागर डोक्यावर. काहीच घडत नव्हतं. आधी पोरं हसली. मग गप्प झाली. मागच्या बाजूला बसलेल्या पुरुषांमधून एकजण उठला आणि ओरडला, "अहो, उतरवा की ती आता!" हे आम्ही ठरवलेलं नव्हतं. पण घागर जड आहे हे त्या माणसाला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी त्यानंच ग्रामसभेत टँकरच्या वेळेचा विषय काढला. टँकर रोजचा झाला नाही, खोटं सांगत नाही. पण वेळ ठरली. दिवसभर वाट बघणं गेलं.

दुसरं काम व्याजाचं. 'लीलावती'बद्दल सांगितल्यावर आमच्या सचिवताई म्हणाल्या, "मग आपलं बचतीचं गणित का नाही नाचवत?" आमच्याकडं अजून काही घरं खासगी सावकाराकडं जातात, शेकडा पाचनं. शेकडा पाच म्हणजे महिन्याला. ऐकायला पाच छोटं वाटतं. मग आम्ही हे केलं.

वीस बायका मंचावर एका बाजूला. एक बाई म्हणजे पाचशे रुपये. वीस बाया, दहा हजार कर्ज. दुसऱ्या बाजूला सावकार, खुर्चीवर. दर महिन्याला एक बाई इकडून उठून तिकडं जाऊन त्याच्या मागं उभी राहायची. कारण दहा हजारावर शेकडा पाचनं महिन्याचं व्याज पाचशे. ढोलकीवर एक थाप, एक बाई गेली. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, करत वर्ष संपलं. बारा बाया तिकडं. इकडं उरल्या आठ. मग सावकार उठून विचारतो, "मुद्दल किती?" आणि या आठजणी म्हणतात, "वीस!" बारा बाया म्हणजे सहा हजार रुपये देऊनसुद्धा देणं दहा हजारच. प्रेक्षकांमधून "आई गं" असा आवाज आला, मला अजून ऐकू येतो.

मग तेच कर्ज आमच्या गटातून, शेकडा दोननं. महिन्याला दोनशे, वर्षाला चोवीसशे. पाच बायासुद्धा पुऱ्या लागत नाहीत. आणि त्या सावकाराच्या मागं जात नाहीत, गटाच्याच पेटीभोवती बसतात. वही न वाचता येणाऱ्या बायकांना हा हिशेब त्या दिवशी डोळ्यांनी दिसला. हा कार्यक्रम आम्ही शेजारच्या गावांतही केला. सामान लागतं एक खुर्ची आणि एक ढोलकी. ज्या गटांना करायचा असेल त्यांनी खुशाल करावा, बायका कमी असतील तर एका बाईचे हजार धरा.

आता तिसरं काम. चंद्रलेखाबाईंच्या 'श्री'चा विषय होता बाईचा कणा. त्यात बायका पाठीत वाकून, गुडघे मोडून, अतिशय सावकाश मंच ओलांडतात. पिढ्यान् पिढ्या बाईला वाकवलं गेलं, ते तिच्या हाडात कसं उतरलं, ते दिसतं. आणि शेवटाकडं बाईचं बळ परत उभं राहतं, अनेक हातांची देवी असते तसं. त्याचं चित्रीकरण मी शिकत असताना पाहिलं होतं. पण तेव्हा ती मंचावरची एक सुंदर हालचाल वाटली होती. आता मला मावशी आठवल्या.

मी त्यांच्या घरी गेले. ओसरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. मी म्हटलं, "मावशी, चुकलं माझं. त्या वेळी तुम्हाला खाली बसवलं." त्या म्हणाल्या, "बस, चहा घे." चहा होईस्तोवर मी त्यांना 'श्री'ची गोष्ट सांगितली. एका बाईनं वाकलेल्या पाठीवर नाच केला म्हटल्यावर त्यांनी लसूण खाली ठेवला.

मग त्या बोलायला लागल्या. पाठ कशी वाकली ते. सोळाव्या वर्षी लग्न. आधी पाण्याची वाट, मग दुष्काळी कामावर खडी फोडणं, मग अठरा वर्षं ऊसतोड. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. पाचवं बाळंतपण झाल्यावर बाराव्या दिवशी शेतात. दवाखान्यात दाखवलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ झालीत, आधी यायला पाहिजे होतं. "आधी म्हंजे कवा यायचं व्हतं?" मावशींनी मला विचारलं. माझ्याकडं उत्तर नव्हतं.

आम्ही ठरवलं, मावशींची चाल मंचावर आणायची. दोन तरुण मुली, दोन मधल्या वयाच्या आणि मावशी. तरुण ताठ, मधल्या जरा झुकलेल्या, मावशी वाकलेल्या. एकामागं एक मंच ओलांडायचा. मला शेवट 'श्री'सारखा करायचा होता. सगळ्याजणी मावशींना हात देतात आणि त्या ताठ उभ्या राहतात, असा.

तालमीत मावशी थांबल्या. म्हणाल्या, "न्हाई. मी उभी राहायची न्हाई."

मी म्हटलं, "मावशी, लोकांना बरं वाटेल."

"लोकांना बरं वाटायला मी कशाला खोटी उभी राहू? ही पाठ आता सरळ व्हायची न्हाई. परत रिकामी घागर करतीस काय?"

मैत्रिणींनो, मंचावर काय खरं ठेवायचं हे तिथं मावशींनी मला दुसऱ्यांदा शिकवलं. चंद्रलेखाबाईंनी त्यांच्या कामाचा शेवट त्यांच्या विचारानं केला. आमचा शेवट मावशींनी ठरवला. त्या वाकलेल्याच चालत पुढं आल्या. मंचाच्या अगदी कडेला थांबल्या. मागं वळल्या, आणि सोळा वर्षांच्या मुलीच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, हात ठेवला. नुसता ठेवला. एवढाच शेवट.

त्या कार्यक्रमानंतर आमच्या गटानं दोन गोष्टी केल्या. पस्तिशीच्या पुढच्या सगळ्याजणींनी आरोग्य केंद्रात जाऊन रक्त आणि हाडांची तपासणी करून घ्यायची, आणि कुणी जायला टाळाटाळ केली तर दोघींनी तिला घेऊन जायचं. आणि बाळंतिणीला सव्वा महिना कामाला लावणाऱ्या घरात गटानं जाऊन बोलायचं. पहिली गोष्ट बरी चालली आहे. दुसरी अवघड आहे. दोन घरांनी आम्हाला दारातूनच परत पाठवलं. तरी जातो.

तुमच्या गटात असं काही करावंसं वाटलं तर अनुभवातून चार गोष्टी सांगते.

पहिली, गोष्ट शोधत बसू नका. गोल करून बसा आणि प्रत्येकीनं आपल्या दिवसातलं एक काम हातांनी करून दाखवा, न बोलता. बाकीच्यांनी ओळखायचं. दोन तास कसे जातात कळत नाही, आणि नाटक त्यातूनच निघतं.

दुसरी, तेच काम नंतर अगदी सावकाश करा. एरवी जे झपाट्यात होतं, ते सावकाश केलं की कुठं दुखतं ते कळतं. करणारीलाही आणि बघणारीलाही.

तिसरी, जी ते काम रोज करते तिलाच विचारा, बरोबर दिसतंय का. नाटक बसवणारीला नाही. मलाही नाही.

चौथी, "तुम्ही पुढं बसून बघा" असं कुणालाही म्हणू नका. जाड, बारीक, म्हातारी, लंगडणारी, बुजणारी, सगळ्यांना जागा काढा. आपण जिला खाली बसवतो, तिच्याकडंच बहुतेक वेळा सांगायला सगळ्यात जास्त असतं.

मावशी आता घराबाहेर फारशा पडत नाहीत. पण आमच्या तालमीचा दिवस त्यांना माहीत असतो. गेल्या आठवड्यात मी त्यांना म्हटलं, रेडिओवर तुमच्याबद्दल बोलणार आहे, चालेल का? म्हणाल्या, "नाव सांगू नको. बाकी सगळं सांग." म्हणून नाव सांगितलं नाही. या क्षणी त्या रेडिओला कान लावून बसल्या असतील. मावशी, काही चुकलं असेल तर उद्या चहाला येते, तेव्हा सांगा.

येते मैत्रिणींनो. रामराम.